डायरेक्ट केलेली लाइन

१४ एप्रिल
घरात वीज आली. वायरमन प्रीतमने टेस्टर लावून तसं पक्कं सांगितलं. सानगडीतलं हे माझं पहिलं घर, आणि सरकारी दवाखान्यातली औषधनिर्मात्याची नोकरीही नवीच. दोन खोल्या, मागे सांदवाडी म्हणजे परसू, पलीकडे तलाव. घरमालकीण सुलोचनाबाई लाखनीला मुलाकडे असतात. विजेची पेटी नवी कोरी आहे, काळजी करू नका, असं त्या फोनवर म्हणाल्या. पोपडे आलेल्या भिंतीवर ती पांढरी पेटी उठून दिसते. प्रीतमने त्यातला आरसीसीबीचा खटका दाखवला. "जेवढा करंट गेला तेवढा वापस आला पायजे, मॅडम. कमी आला म्हणजे कोणाच्या तरी आंगातून जमिनीत जाऊन राहिला. मंग हे लगेच पडते."
शेजारच्या सखाबाईंनी तलावातली मासळी दिली. एकटीच काहून वो बाई, भेव नाही लागत तुले, असं विचारत होत्या. मी हसले. आईच्या आजारपणानंतर इतकी शांतता पहिल्यांदाच मिळतेय.

१९ एप्रिल
दवाखाना साडेबाराला सुटतो, पुन्हा चारला उघडतो. मधली दुपार घरात. पारा चव्वेचाळीसवर. कूलर लावून आडवी होते. रोज दोन वाजून दहा मिनिटांनी पेटीत ठक् होतं आणि सगळं बंद पडतं. प्रीतमने कूलर खोलला, पंप बदलला, वायर बदलली, अर्थिंग तपासलं. दोष सापडला नाही. तुमचा स्वीच लय लाजरा हाय मॅडम, कोणी हात लावला का पडते, असं म्हणून हसला. पण हात लावायला घरात मी एकटी, आणि मी तर पलंगावर असते.

२७ एप्रिल
आज कुणाचा फोन नाही. कालही नव्हता. दुपारचा तो ठक् ऐकू आला की खोलीत आणखी कुणीतरी आहे असं वाटतं. बरं वाटतं. हे लिहायला लाज वाटते.

३ मे
पारा शेहेचाळीसवर. पडलेला खटका वर करायला उठले आणि चक्कर येऊन पडले. दवाखान्यात सलाइन लागलं. प्रीतमला म्हटलं, काहीतरी कर. त्याने आरसीसीबी वगळून कूलरची लाइन डायरेक्ट केली. गावात अर्ध्या लोकायचं असंच हाय म्हणाला.

४ मे
दोन दहाला ठक् झालं नाही. कूलरची घरघर मात्र जड झाली, ओझं ओढत असल्यासारखी. चार मिनिटं. मग पूर्ववत.
फरशीवर ओली पावलं. कूलरपर्यंत आलेली. परत गेलेली नाहीत.

५ मे
सखाबाईंना विचारलं. त्या टोपली खाली ठेवून बसल्या.
सुलोचनाबाईंची सून, रिता. दोन वर्षांमागे याच महिन्यात कूलरमध्ये पाणी टाकताना शॉक लागून चिकटली. सासू दारात उभी होती. हात लावला तर आपणही जाऊ, म्हणून हलली नाही. "पोरगी तिच्याकडेच पाहत होती वो, शेवटलोक." पेटी त्यानंतर बसवली.
म्हणजे ती पेटी रोज तिला सोडवत होती. आणि मी —
प्रीतम नाकाडोंगरीला लग्नात. उद्या चारला येऊन आरसीसीबी परत जोडून देतो म्हणाला.

६ मे
१.५० — प्लग काढून ठेवला. सखाबाई म्हणाल्या, माह्या घरी ये. गेले नाही. ती येईल तेव्हा घरात कुणीतरी असावं. पलंगावर बसून लिहितेय.

२.१० — घरघर. प्लग समोर जमिनीवर पडलाय.
मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. कूलर नाही.

ती आहे. एक हात पत्र्याला. बांगड्या थरथरताहेत. माझ्याकडे बघतेय —

शॉक लागलेल्याला लाकडाने ढकलतात. पाट घेऊन ढकललं. पाट आरपार गेला.

दोन अकरा. प्रीतम चारला. चारला.

दुसरा हात मोकळा आहे तिचा. पुढे केलाय. सासूही इतक्याच अंतरावर उभी असेल —

मला नुसतं बघत बसवत नाही. तिचा हात धर