कोऱ्या बांधीतल्या फांद्या

१२ ऑगस्ट
धाकट्या भावाची प्रज्ञा आली. कृषी कॉलेजात एम.एस्सी. करते, पण प्रयोगासाठी निवडलं आपलं शेत. केवढा मान दिला पोरीनं. धानाच्या तीन बांध्या आखल्या. एकीत दुकानचं औषध, दुसरीत निंबोळी अर्क, तिसरी कोरी. खोडकिडा कुठे किती लागतो ते मोजायचं.
जाताना बजावलं, "मोठेबाबा, तिसरीले कायीच मारू नका. थेंबभर बी नाई."
"नाई मारत, बाई."

३० ऑगस्ट
कोऱ्या बांधीत धानाचे पोंगे, मधले कोंब, सुकून राह्यले. दोघींना औषध, ही उपाशी. बांधाच्या धुऱ्यावरून जाताना तिच्याकडे बघवत नाही. पण शब्द दिला.

२ सप्टें.
पळसाच्या सात फांद्या कोऱ्या बांधीत रोवल्या. बाबा रोवायचे तशाच. फांदी काही औषध नव्हे. दुपारपर्यंत कोतवाल पाखरं येऊन बसली, खोडकिड्याचे पतंग टिपू लागली. जेवण गोड लागलं.

२८ सप्टें.
प्र. मोजायला आली. दोनदा मोजलं. किडक्या, पांढऱ्या लोंब्या कोऱ्या बांधीत सगळ्यात कमी. मी आपला खूश. पोरगी फांद्यांकडे बघत चिखलात उभी.
"हे कोनं रोवलं?"
"म्याच. काऊन?"
"किडे पाखराईनं खाल्ले, मोठेबाबा. आता औषधाचा फरक कशाशी ताडून पाहू?"
"तू औषधाची मनाई केली होती. पाखराची नाई."
हसली. मग डोळे पुसले. पीएच.डी.ला जायचं तर प्रबंध याच वर्षी हवा. कॉलेजातल्या बाईंनी नाकारला तर पोरीचं वर्ष गेलं. माझ्या मायेपायी...

२९ सप्टें.
ताट अर्धं टाकून उठलो. बायको म्हणाली, "जलमभर धान राखलं, पोरीचं एक वर्ष राखता नाई आलं?" खरंच आहे.
सांजेला प्र.नंच चहा आणून दिला. विचारलं, फांद्या कोणत्या तारखेला, किती? मला आठवेना, वहीच पुढे केली. ती मागची पानंही वाचत बसली. कितीतरी वर्षांच्या फांद्या, पाखरं, लोंब्या.
"हे सारं तुमी लिहून ठेवलं?"
मी तिसरीत शाळा सोडलेला. पुढचं वाचन खताच्या पोत्यावर अन् कृषी खात्याच्या पुस्तिकांत झालं. माझं अक्षर कोणाच्या कामी येईल असं कधी...

४ ऑक्टो.
वही प्र. घेऊन गेली, बाईंना दाखवायला. फांद्यांचाच प्रयोग मांडता येईल का, विचारते म्हणाली. म्हणून हे कॅलेंडरच्या पाठीवर. बाई काय म्हणाल्या, अजून कळलं नाही. पोरगी जाताना पाया पडली, मलाच लाज वाटली.
कोतवाल अजून बसलेत. फांद्या उपटायच्या की राहू द्यायच्या, उद्या फोन करून विचारतो. या खेपेला आधी विचारतो.