खोळीखालचा अ‍ॅम्प

तनुताई,

बाबांचा भजनाचा स्पीकर माझ्याकडून फाटला. माझ्या अ‍ॅम्पचा, गिटारच्या त्या छोट्या स्पीकरचा, आवाज बँडमध्ये बुडतो, म्हणून बेस गिटार त्यांच्या स्पीकरला लावून बघितली. दोन मिनिटांत आतला कागदाचा पडदा गेला. दुरुस्तीला लातूरला नेतोय, तिथूनच निलंग्याला लग्नात वाजवायला जाईन.

संध्याकाळी देवळात भजन हाय. बाबांच्या स्पीकरच्या खोळीत माझा अ‍ॅम्प घालून ठेवलाय. माईकची पिन त्यात बसते. बेसचं बटण पार खाली ठेव, न्हाईतर आवाज रांजणातून आल्यावानी घुमतो. त्यांनी शिकवलेला अभंग माईकवर म्हणून बघितला मी.

मी भजनी मंडळ सोडल्यापासून ते माझ्याशी बोलत न्हाईत, म्हणून तूच सांग स्पीकर फाटल्याचं. शिव्या देतील, देऊ दे.

अभंगाचं तेवढं सांगू नको.

सत्यम