ट्रॅक्टरचे नवे लायनर

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
८ एप्रिल १९८४

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या छातीचा एक्स-रे पोचला. मी पडलो हाडांचा डॉक्टर, म्हणून आमच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवणार आहे. दम्याचं नवीन औषध निघालं असेल तर पाठवीन.

आता माझं गाऱ्हाणं. या जागेबरोबर तंबाखूच्या कोठारात १९४८ सालचा एक ट्रॅक्टर मिळाला. इंजिन चालू झालं, पण ब्रेक नावालाच. परवा उतारावर मी दोन्ही पाय दाबून उभा राहिलो, तरी तो सावकाश जाऊन पत्रपेटीवर चढला. सौ. दीपा म्हणते, विकून टाका. पण चार जुलैच्या परेडमध्ये तो चालवणार, असं मी गावभर सांगून बसलोय. ब्रेकचे नवे लायनर कसे बसवायचे ते सविस्तर लिहा. तुमच्या ब्रेकच्या वर्कशॉपात बसून अभ्यास केला, पण हाताला काही शिकलो नाही, याची आता लाज वाटते.

वहिनी अजून दारात उभ्या राहून तुमचे खाकी कपडे झटकतात का? मला तो धुरळा आठवतो. लोभ आहे तेवढा पुरतो, पण कमी करू नये.

आपला,
चंदू


कराड
२७ एप्रिल १९८४

चि. चंदूस अनेक आशीर्वाद.

जवळचं दिसत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहितेय. तुझी पत्रंही तीच वाचून दाखवते. पत्रपेटीचं ऐकून पोट धरून हसलो, मग अर्धा तास खोकलो.

चाकाला आधी लाकूड लाव. ब्रेकचा ड्रम काढलास की आत करडी धूळ बसलेली दिसेल. तोंड अगदी जवळ नेऊन ती जोरात फुंक. फडक्याने कोपऱ्यातली निघत नाही. जुने रिव्हेट छिन्नीने उडव. नवा लायनर ब्रेकच्या शूवर ठेवून मधल्या भोकापासून रिव्हेट मारत टोकांकडे जा. उलट केलंस तर मध्ये पोकळी राहील. शेवटी कडा कानशीने घास आणि पुन्हा फुंकर मार. चाळीस वर्षांत माझ्या हातची गाडी उतारावर थांबली नाही असं झालं नाही.

भाऊजी, हे माझं मी लिहिते. कपडे अजून मीच झटकते, नाहीतर बादलीत गाळ होतो. मलाही बारीक खोकला लागलाय, यांचाच लागला असणार.

माया आहेच. उत्तराला उशीर करू नकोस.

दिगंबर


कॅरी
१६ मे १९८४

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. आमच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरला आणि आधी विचारलं, की भाऊ काय काम करतो. ब्रेकचं म्हटल्यावर त्यांनी दिवा बंद केला आणि मला बसायला सांगितलं.

हा दमा नाही, दादा. लायनर ॲस्बेस्टॉसचे असतात. त्यांची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. तिच्यावर औषध नाही, इथेही नाही. दर सुट्टीत मी तुमच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, पण दिवसभर तुम्ही काय फुंकता हे कधी विचारलं नाही. मला स्वतःची शरम वाटते.

वर्कशॉप आजच बंद करा. ते कपडे घरात आणू नका, झटकू तर मुळीच देऊ नका. झटकणाऱ्याच्या छातीतही तीच धूळ जाते. वहिनींना यातलं किती सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

ट्रॅक्टरला मी हात लावलेला नाही. तुमचा लोभ मागायला आज तोंड नाही.

चंदू


कराड
७ जून १९८४

चि. चंदूस आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण आज मी स्वतः लिहितोय. ती बाजारात गेलीय.

तुझं पत्र तिनेच वाचून दाखवलं. काळजीत तू विसरलास, तुला बोल लावत नाही. कपड्यांच्या ओळीपाशी ती थांबली, पाणी प्यायली, आणि पुढे वाचू लागली. वहिनींना किती सांगायचं ते तुम्हीच ठरवा, हेही तिने वाचलं. मग पत्राची घडी केली आणि भात लावायला उठली.

वर्कशॉपला कुलूप घातलं. माझं काय, मी माझ्या तोंडाने फुंकलं. तिने तर ब्रेकला कधी बोटही लावलं नाही. तिला म्हटलं, मिरजेच्या इस्पितळात जाऊन तुझाही एक्स-रे काढू, तर म्हणाली की औषधच नाही म्हणतात, मग फोटो कशाला. आता खोकला आला की ती मोरीत जाते आणि नळ सोडते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. दिवसातून किती वेळा नळ वाहतो, मला कळतं रे.

ट्रॅक्टर आहे तिथेच राहू दे. दीपाला त्याच्याजवळ जाऊ देऊ नकोस.

लोभ आहे तसाच आहे. पण सध्या पत्र पाठवू नकोस. आलं की ते तिलाच वाचावं लागतं.

दिगंबर