होडीचा निळा रंग

महनूरचे अब्बा, सलाम.

तुमच्या जहाजाची अजून खबर न्हाय. तुमचे भाय बोलले, "गुलबानू, तो आता येत न्हाय. सायकल इकून टाक." अलिबागचा एक जुन्या सायकलींचा शौकीन आला. तुमची जुनी पोलादी रेसची सायकल बघून बोलला, "मूळ रंग शाबूत आहे, म्हणूनच घेतो. उद्या टेम्पो आणतो."

त्या रंगाला तुम्ही नुसतं तेलाचं फडकं लावायचात. त्याच राती मी होडीचा निळा रंग आनला आन् पट्टे, कंपनीची नावं, सगलं झाकून टाकलं. सायकल गेली असती तर तुम्ही पन गेलात, असं घरात ठरलं असतं. मला त्याचीच भीती.

शौकीन ओरडला, "बाई, मारलंत हिला!" रिकामा टेम्पो घेऊन गेला. मला रडूबी आलं न्हाय. महनूरला पाजत बसले.

ही चिठ्ठी कुठं धाडू, म्हाईत न्हाय. तुम्ही येऊन मला शिव्या घाला.

तुमचीच,
गुलबानू