वडूजची पिल्लं आणि माझी साताऱ्याची बदली

६ जानेवारी १९७४, रविवार
वाचनालयात मासिक चाळलं. गेल्या साली वैद्यकाचं नोबेल चक्क प्राण्यांच्या वागणुकीवरच्या संशोधनाला मिळालं. त्यातच वाचलं: अंड्यातून बाहेर आल्यावर जे हलतं दिसेल त्यालाच पिल्लू आई समजतं आणि त्याच्या मागं जातं. वडूजमध्ये हे कळणारा मी एकटा. हेडमास्तरांना सांगितलं. म्हणाले, नववीची पेपरतपासणी झाली का?

८ जानेवारी
संकल्प. साताऱ्याच्या विज्ञान प्रदर्शनात कोंबडीची पिल्लं माझ्यामागं चालवायची. शिक्षणाधिकारी खूश, साताऱ्याला बदली, वडूजला कायमचा रामराम. शेजारच्या राहीबाईनं तिच्या खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली. निम्मी पिल्लं तिची, असं ठरलं. तिला शास्त्र समजावून सांगितलं. "व्हय की, त्यात काय नवं?" म्हणाली. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

२८ जानेवारी
कोंबडी हटवली, नाहीतर आईचा मान तीच घ्यायची. अंडी वेताच्या पाटीत ठेवून वर साठचा बल्ब टांगला. राहीबाई म्हणाली, "लाईटीचा काय भरवसा?" हिला विजेतलं काय कळतंय!

२९ जानेवारी, सायं. ५
रजा टाकून सकाळपासून पाटीसमोर. जेवणानंतर पाच मिनिटं डोळे मिटून चिंतन केलं. उघडले तर साडेचार. लाईट गेलेली, पाटी रिकामी, नऊ पिल्लं राहीबाईच्या मांडीवर. "अंडी गार पडाय लागली, म्हून पदराखाली घेतली," म्हणे. हरकत नाही. शिकलेला माणूस कोण आणि राहीबाई कोण, हे पिल्लांना कळेलच.

२ फेब्रुवारी, सातारा
पाटी धरायला राहीबाईला आणलं, हीच चूक. साहेबांसमोर पिल्लं सोडली आणि ऐटीत चालू लागलो. हशा पिकला. वळून पाहिलं, तर सगळी पिल्लं तिच्यामागं, पार मंडपाबाहेर. साहेबांनी तिलाच कारण विचारलं. "आवं, जल्मली तवा म्होरं मीच हुते. मास्तर घोरत हुतं." माझ्या वीस मिनिटांच्या भाषणात साहेबांना जे कळलं नाही, ते एवढ्यात कळलं. साहेबही सामान्यच निघाले.

९ मार्च
हुकूम आला. बदली नामंजूर. शाळेत कुक्कुटपालन सुरू करावं, त्यासाठी राहीबाईंचं मार्गदर्शन घ्यावं. लाज वाटते. राजीनामाच देणार. उद्याच.

१० मार्च, रविवार
सकाळी सातला तिच्या दारात हजर. खुराडं झाडायला सांगितलं. झाडलं. "ब्येस झाडलं की, मास्तर," म्हणाली. राग यायला हवा होता. दिवसभर खूश होतो.