पत्र्यावरचा हात

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आईचा खोकला थांबला. तुझ्या लेकीला दात आले का, हे ती रोज विचारते, बाबा खोलीत नसताना.

उन्हाच्या बंबाच्या पत्र्यावर द्यायचा माझा लेप अखेर जमला. काळा रंग तर आपल्या कारखान्यात पहिल्यापासून आहे, असं तू म्हणशील. आहे. पण तो ऊन पितो आणि तापला की बरीचशी ऊब बाहेर टाकतो. माझा लेप पितो तेवढंच, सोडत मात्र जवळजवळ नाही. छतावरच्या बंबाचं पाणी हिवाळ्यातही अंघोळीपुरतं तापतं. सुतारानेही लाकूड वाळवायच्या खोलीसाठी चार पत्रे मागितलेत.

बाबांची सवय तुला माहीत आहे. पत्र्यावर वाकायचं, वीतभर अंतरावर तळहात धरायचा आणि किती तापलाय ते सांगायचं. मंगळवारी ते माझ्या पत्र्यावर वाकले.

"थंड आहे गं. तुझं शिक्षण पाण्यात गेलं."

जो ऊब सोडतच नाही, त्याची झळ लांबून कशी लागणार? मी हे बोलेपर्यंत त्यांनी तळहात टेकवला होता.

हात भाजला. पट्टी बांधली आहे. भेटायला येणाऱ्यांना ते सांगतात, "धाकटीचा पत्रा लबाड आहे." लोक हसतात. मीही हो म्हणते.

पण तो पत्रा लांबून फसवतो, टेकल्यावर नाही. दुसऱ्या कुणाचाही हात झटकन मागे आला असता. बाबा हात तसाच ठेवून माझ्याशी बोलत राहिले. "बघ, काही नाही." मला वास आला, तेव्हा मी त्यांचं मनगट ओढलं.

डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. साखरेने नसा गेल्या आहेत, आधी पायांच्या, मग दोन्ही हातांच्या. इतके दिवस ते बहुधा चेहऱ्याला लागणाऱ्या झळेवरून सांगत होते. मी विचारलं नाही.

पट्टी निघाली की ते कारखान्यात येणार आहेत. तिथे सांधे झाळायची पेटती बत्ती आहे, पत्रा कापायची कातर आहे. मी नको म्हटलं. "पत्रा तुझा वाईट, आणि दोष माझ्या हाताला?" आई म्हणाली, "ऐका की तिचं." ते जेवणावरून उठले.

तुझ्या लग्नापासून ते तुझं नाव घेत नाहीत. पण पूर्वी तू "बाबा, ठेवा ते" म्हणालीस की हातातलं काम ठेवायचे. माझ्या सांगण्यावरून कधीच ठेवलं नाही. याचं मला फार काही वाटत नाही, फक्त नोंदवते आहे.

कारखान्याला कुलूप मी लावू शकते. पण हात गेले, हे त्यांना सांगायला मला जमलेलं नाही. डॉक्टर सांगत होते तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. फोनवर तुझा आवाज आला की ते फोन आईकडे देतात. समोर उभी राहिलीस तर कुणाकडे देतील?

रविवारी ते घरीच असतात. उत्तर लिहू नकोस. ये.

तुझी,
धाकटी