झाडाला स्वतःचं विचारता येत नाही

आये, परवा अंधेरीच्या एका गाळ्यातल्या स्टुडिओत तुझा आवाज ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तो माझ्या तोंडून नाही, माझ्या लेकीच्या तोंडून आला. तिने तुला कधी पाहिलेलं नाही. तू गेलीस तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय आणि सांगायचं कोणाला तेच कळत नाही. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, 'मिमिक्री आहे ती, यार. तू पण ना!' म्हणून तुला लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, याचं आज पहिल्यांदाच बरं वाटतंय. मनात येईल ते लिहिता येतं.

आधी माझं काम सांगते. तुझ्या वेळी मी चाळीच्या गणपतीतल्या नाटकात किंचाळण्यापलीकडे काही करत नव्हते. आता मी डबिंग करते. परदेशातून कार्टून येतात, त्यांना आम्ही मराठीत आवाज देतो. कार्टून म्हटलं की तुला ससा आणि कासव वाटेल. तसं नाही गो. सध्या जी मालिका चालू आहे ती बघून मोठी माणसं रडतात. त्यात एक पोरगी आहे, तिच्या अंगात शक्ती उतरते. ती हात ठेवते आणि मरायला टेकलेला माणूस उठून बसतो, कोसळलेला पूल उभा राहतो. सगळं गाव तिच्या पाया पडतं. पण शक्ती फुकट काही देत नाही, दर वेळी त्या पोरीकडून काहीतरी घेऊन जाते. आधी गोडाची चव घेतली. मग फुलांचा वास. मग धाकट्या भावाचं नाव. गावाला त्याचं सोयरसुतक नाही, त्यांचा पूल उभा राहिला ना, झालं तर मग. त्या शक्तीला चेहरा नाही, नुसता आवाज आहे, पोरीच्या डोक्यात बोलणारा. तो आवाज मी देते.

पहिल्या दिवशी मी आपला नेहमीचा राक्षशिणीचा आवाज काढला, खोल, खदाखदा हसणारा. आमचा दिग्दर्शक माझ्या भाच्याच्या वयाचा पोरगा. काचेपलीकडून म्हणाला, 'ताई, व्हिलन नको. घरमालकीण भाडं मागायला येते ना, तसं पाहिजे. तिला राग नाहीये. तिचं आहे ते ती मागतेय.' आवाज घेताना एसी बंद करतात, त्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून. त्या कोंदट खोलीत मी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि आये, तू बोललीस. म्हणजे तू नाही, मंगळवारी तुझ्यात जी यायची ती बोलली. सावकाश, थोडं नाकातून, प्रत्येक वाक्यामागे एक हुंकार. मग दिग्दर्शक म्हणाला, 'झकास! ताई, हे कुठून आणलंत?' दहिसरहून, म्हटलं. सगळे हसले. मीही हसले, पण माझे हात गार पडले होते, आणि आत्ता काय बोलले ते मला आठवत नव्हतं. कागद बघून खात्री करावी लागली. अजूनही दर वेळी असंच होतं. बाहेर येऊन मी पाणी पिते आणि मनातल्या मनात घरचा पत्ता म्हणून बघते, येतो की नाही.

दहिसरची आपली खोली. मंगळवार आहे, तू सकाळपासून उपाशी. दुपार कलली की बायका गॅलरीत येऊन बसायला लागतात, हातात नारळ, पिशवीत तांदूळ. कोणी नदीपलीकडून आलीय, कोणी चेकनाक्याकडून. कोणाचा नवरा पितो, कोणाची पोर नांदत नाही, एका कोळणीचा मुलगा बोटीवरून परत आलेला नाही. आत धूप पेटतो, तुझे केस सुटतात, तू जमिनीवर तळवे आपटायला लागतेस. गावाकडची माणसं तुला झाड म्हणायची, देवीचं झाड. ती येते आणि झाडावर बसते. 'काय विचारूक इलंस?' ती विचारते, आणि बायका विचारतात, आणि उत्तर घेऊन डोळे पुसत घरी जातात. मला त्या उत्तरांशी काही घेणंदेणं नव्हतं. मी कोपऱ्यात बसून ती जाण्याची वाट बघायचे. ती गेली की तू भिंतीला टेकायचीस, तळवे सुजून लाल झालेले, आणि माझ्याकडे बघून म्हणायचीस, 'तू कोणाची गो?' मग हळूहळू तुझ्या डोळ्यांत ओळख यायची आणि तू म्हणायचीस, 'चाय ठेव गो, बाय.' तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडायचा. पण मी मोठी होत गेले तसं 'तू कोणाची' पासून 'चाय ठेव' पर्यंत यायला तुला जास्त जास्त वेळ लागायला लागला. हे मला ठाऊक होतं. दुसरं कोणी थांबतच नव्हतं ते बघायला.

एकदा तुला ताप होता. अंग भाजत होतं. तू दाराशी जाऊन म्हणालीस, 'आज नाय जमुचा, बायांनो.' काय तोंडं झाली एकेकीची! ज्या बायका तुझ्या पायांवर डोकं ठेवायच्या त्याच फणकारल्या. एक म्हणाली, 'देवाच्या चाकरीत ताप कसला?' दुसरी म्हणाली, 'आम्ही काय हौस म्हणून आलोय?' तू आत आलीस, माझ्याकडे बघितलंस आणि केस सोडलेस. त्या दिवशी ती गेल्यावर तू मला बराच वेळ ओळखलं नाहीस. मी तुझ्या समोर बसून होते आणि तू एखाद्या दुकानदाराकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होतीस. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आये. त्या बायकांचा मला अजूनही राग येतो.

तुझ्या छातीत दुखायचं. तू कोणाला सांगायची नाहीस, पण भाकरी थापताना मधेच थांबायचीस ते मी बघायचे. मी म्हटलं, देवीला विचार ना. तू हसलीस. म्हणालीस, 'झाडाक आपला इचारूक नाय गावना, बाय.' झाडाला स्वतःचं विचारता येत नाही. दुनियेची गाऱ्हाणी तुझ्या तोंडून सुटणार आणि तुझं दुखणं तुझ्याजवळच राहणार. मग मी ठरवलं, तुला विचारता येत नाही तर मी विचारीन. मी तेव्हा माझ्या लेकीएवढीच असेन. पुढच्या मंगळवारी मी कोपऱ्यात बसले नाही. डब्यातले मूठभर तांदूळ घेऊन बायकांच्या मागे जाऊन बसले. माझी पाळी आली. तू, म्हणजे ती, मान डोलवत होतीस. 'काय विचारूक इलंस?' मी म्हटलं, 'माझी आई कधी सुटणार?' हुंकार थांबला. मग त्या घरमालकिणीच्या आवाजात, न रागावता, ती म्हणाली, 'तू घेतलंस काय ती सुटतली.'

मी तिला अंगात घेतलं की तू सुटणार. तुला हे माहीत नाही. ती गेल्यावर तुला काहीच आठवायचं नाही, आणि मी सांगितलं नाही. तू चहा मागितलास, मी ठेवला. त्यानंतर फार वर्षं गेली नाहीत. तू गेलीस आणि तेराव्याला आलेल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एवढंसं अंग शहारलं तरी बघायच्या. काकी तर सरळ म्हणाली, 'आता बघूया कोणाच्या अंगात येतंय ते.' मी पळाले गं. लग्न केलं, कांदिवलीला आले, सोसायटीच्या आरतीत ढोल चढायला लागला की मी मोबाइल कानाला लावून खाली उतरते. लोकांना वाटतं, बाईला फार फोन येतात.

आणि आता ही माझी पोरगी. शाळेला सुट्टी होती म्हणून परवा तिला स्टुडिओत नेलं, एवढंच. मालिकेचा शेवटचा भाग यायचाय. त्यात शक्ती डोक्यात बोलत नाही, त्या पोरीच्याच तोंडून बोलते. दिग्दर्शक म्हणत होता, इथे गळा मुलीचाच हवा, पण ताईंचा आवाज मुलीतून कसा आणायचा? माझी लेक वडापाव खात बसली होती. हात पुसत म्हणाली, 'मी काढू? मम्मी घरात सारखी प्रॅक्टिस करते, मला पाठ झालाय.' आणि तिने काढला. हुंकारासकट. एवढे भाग करूनही मला जमला नव्हता तसा. मी नाकातून बोलते, तू नाकातून नाही बोलायचीस, घशाच्या मागून बोलायचीस, हे मला तिचं ऐकल्यावर आठवलं. सांग ना, हे तिला कोणी शिकवलं? टाळ्या पडल्या. दिग्दर्शक म्हणाला, 'ताई, शेवटचा भाग हिलाच द्यायचा, बास!' पोरगी आनंदाने नाचायला लागली.

मी दोन दिवस तिच्यावर डोळा ठेवून होते. हात गार आहेत का बघायला उगाच तिचे हात धरायचे. 'आत्ता काय बोललीस, आठवतंय ना?' असं विचारायचे. ती वैतागली. 'मम्मी, काय झालंय तुला? मी म्हातारी आहे का विसरायला?' आज सकाळी मी दिग्दर्शकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. परीक्षा आहे, म्हटलं. तो बिचारा गयावया करत होता, मी ऐकलं नाही. तिला सांगितलं तेव्हा तिने आकाशपाताळ एक केलं. 'तू करतेस ते चालतं? माझाच आवाज का नाही चालत?' मी काय सांगू तिला? की माझ्या आईला याच आवाजाने थोडं थोडं करून नेलं, आणि पुढचं नाव माझं सांगून ठेवलंय, आणि मी घेतलं नाही तर ते तुझ्याकडे येईल असं मला वाटतं? म्हटलं, 'नाही म्हणजे नाही.' ती पाय आपटत आत गेली.

जेवणानंतर तिचा राग जरा उतरला. मी ओट्यावर भांडी आवरत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'रेकॉर्डिंग नाही तर नाही, निदान माझी शेवटची लाइन तरी ऐक. एवढी पाठ केलीय.' शेवटच्या भागात शक्ती शेवटची गोष्ट मागते. मी थांब म्हणणार होते. ती भिंतीला टेकली, डोळे अर्धे मिटले आणि तुझ्या आवाजात म्हणाली, 'आता आईचा चेहरा दे.'

आये, तुझा चेहरा मला हल्ली नीट आठवत नाही. रेशनकार्डावरचा फोटो तेवढा आहे, त्यात तू कोणीतरी दुसरीच दिसतेस. पण आवाज! तू त्या दारात होतीस, माझ्यापासून हातभर. माझी भीती कुठल्या कुठे गेली. पोरीचे हात धरून बघायचं, ओळख विचारायची, काही सुचलं नाही. सकाळी मीच नाही म्हणून फोन ठेवला होता, आणि मी तिला म्हटलं, 'परत एकदा म्हण.'

ती म्हणाली, 'नको मम्मी, आता बास. घसा दुखतोय माझा.' आणि फ्रिज उघडून सरबताची बाटली शोधायला लागली. इतकं सोपं, आये. घसा दुखतोय, बास. तुला ते कधी म्हणू दिलं नाही कोणी, एकदा म्हणालीस तर तुला उठवून बसवलं. मला हायसं वाटायला पाहिजे होतं, आणि वाटलंही. पण ते नंतर. आधी मला तिचा राग आला. गॅलरीतल्या त्या बायकांना तुझा आला होता, तसाच.